बीएससी आयटी, बीसीए की इंजिनियरिंग? नोकरीत नक्की फरक कुठे पडतो?

खारीगावकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. सीईटीला ८४ पर्सेंटाइल आहेत. कॉम्प्युटरमध्येच जायचं हे तिचं ठरलंय, त्याबद्दल घरात वाद नाही. वाद आहे तो डिग्रीवरून. समोर जे दिसतंय ते असं: बदलापूरच्या पलीकडे एका नव्या कॉलेजात बीई एआय-डेटा सायन्स, नवी मुंबईत बऱ्यापैकी जुन्या कॉलेजात बीई एक्स्टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन), ठाण्यात स्टेशनजवळ बीएससी आयटी, आणि बीसीए.

विचारायचं कारण म्हणजे आमच्याच मजल्यावरची दोन मुलं. एकाने बीएससी आयटी केलं, दुसरा मेकॅनिकल इंजिनियर. दोघेही ऐरोलीला माइंडस्पेसमध्ये जातात, दोघेही कोडिंगच करतात, आणि पगार मेकॅनिकलवाल्याचा जास्त. ज्याने तीन वर्षं कॉम्प्युटरच शिकला त्याला कमी आणि ज्याने बॉयलर शिकला त्याला जास्त, हे गणित मला सुटत नाही. कोणी आतली गोष्ट सांगेल का?

मी महापे एमआयडीसीत स्टोअरला आहे, त्यामुळे फीचाही विचार करावा लागतो.

घोडबंदरग्रस्त

कुठलीही डिग्री घ्या, माजिवड्याच्या सिग्नलला सगळे सारखेच. वाचतोय.

ऐरोलीकर

खारीगावकर, बॉयलरचं गणित सांगतो. सर्व्हिस कंपन्यांमध्ये भरती बघण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

मोठी सर्व्हिस कंपनी फ्रेशर घेते तेव्हा तिला तयार प्रोग्रामर मिळेल अशी अपेक्षाच नसते. ती त्याला आत घेऊन काही महिने शिकवते. म्हणून ती डिग्रीत काय शिकवलं यापेक्षा डिग्री कुठल्या रांगेतली आहे ते बघते. बीई, बीटेक कुठल्याही शाखेचे आणि एमसीए, ही एक रांग. बीएससी आयटी, बीएससी सीएस, बीसीए ही दुसरी. टीसीएसचं इग्नाइट, विप्रोचं विल्प हे कार्यक्रम या दुसऱ्या रांगेसाठीच आहेत. पहिल्या रांगेचं सुरुवातीचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास आणि दुसऱ्या रांगेचं त्याहून खाली. (पहिल्याचं पॅकेजही दहा वर्षांत फारसं हललेलं नाही, पण तो रडण्याचा वेगळा विषय.)

रांगा अशा का? बऱ्याचशा कारणांचा शिक्षणाशी संबंध नाही. क्लायंटला माणसं दाखवताना 'इंजिनियर' म्हणून दाखवता येतात, चार वर्षांची डिग्री असली की पुढे परदेशी पाठवताना कागद सोपे जातात, आणि इंजिनियरिंगची मुलं एवढी बाहेर पडतात की चाळणी लावायला डिग्री हे सगळ्यात स्वस्त साधन. वर हाइक मिळते टक्क्यांत. समजा एक अडीचवर लागला, एक साडेतीनवर. दोघांना दरवर्षी सारखेच टक्के मिळाले तरी रुपयांतलं अंतर वाढतच जातं. तुमच्या मजल्यावर तेच दिसतंय.

यातून सुटका एकच, कंपनी बदलणं. तीन-चार वर्षं काम केलेल्या माणसाला मी मुलाखतीत डिग्री विचारल्याचं मला आठवत नाही. काय बांधलंस, काय मोडलंस, रात्री दोनला सिस्टिम पडली तेव्हा काय केलंस, एवढंच विचारतो.

तिखटमीठ

२०२६ उजाडलं तरी डिग्रीचं दळण चालूच आहे. गिटहबवर (कोड टाकायची साइट) काम दाखवा, कोण विचारतंय डिग्री? माझ्या स्टार्टअपमध्ये बारावी पास मुलगा बॅकएंड सांभाळतो.

ऐरोलीकर

तिखटमीठ, तुमच्याकडे एका जागेला किती अर्ज येतात? पन्नास? तेवढे तुम्ही बसून वाचाल. आमच्याकडे नोकरी डॉट कॉमवरून जो ढीग येतो त्याला आधी फिल्टर लागतो, आणि त्या फिल्टरमध्ये एचआरची मुलगी 'बीई/बीटेक/एमसीए' टिक करून मोकळी होते. बीएससीवाल्याचं गिटहब कितीही भारी असलं तरी ते माझ्यापर्यंत येतच नाही. ओळखीतून, रेफरलने आलं तर येतं. म्हणजे तुमचा मुद्दा छोट्या कंपनीसाठी बरोबर आहे. पण ऐरोली-महापेच्या बऱ्याचशा नोकऱ्या मोठ्या कंपन्यांच्या आहेत.

निशिगंधा_ठाणे

मी त्याच दुसऱ्या रांगेतली. ठाण्यातच बीएससी आयटी केलं, महापेला एका कंपनीत प्रॉडक्शन सपोर्टला लागले. फिरती शिफ्ट. काम म्हणजे तिकीट (तक्रारीची नोंद) आलं की ठरलेली स्क्रिप्ट चालवायची, नाही चाललं तर पुढच्या टीमकडे ढकलायचं. डेव्हलपमेंटला घ्या म्हणून मागे लागले तर 'तुमच्या बॅचला ते मॅपिंग नाही' असं उत्तर. काम येतं की नाही हे कोणी तपासलंच नाही.

मग नोकरी सोडून सीईटी दिली आणि एमसीए केलं. २०२० पासून एमसीए दोनच वर्षांचं झालंय, आधी तीन होतं. ती पदवी हातात आल्यावर जे फोन येऊ लागले ते आधी येत नव्हते. मी तीच, माझा कोडही तोच!

काका, बीएससी घेतलीच तर 'तीन अधिक दोन' असंच धरून चाला. बीईपेक्षा एक वर्ष जास्त, पण बीएससीची फी खासगी इंजिनियरिंगच्या मानाने बरीच कमी असते. आणि तीन वर्षांनी मुलीला वाटलं की हे आपलं क्षेत्र नाही, तर पदवी घेऊन बाहेर पडता येतं. इंजिनियरिंगमध्ये तिसऱ्या वर्षी असं वाटलं तर गिळून पुढे जावं लागतं.

मास्तर

जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बीएससी आयटीला शिकवतो, म्हणून थोडं आतून.

आधी बीएससी आयटी आणि बीएससी सीएस यांच्यातला फरक, कारण पालक दोन्ही एकच समजतात. मुंबई विद्यापीठात आयटीला बारावीला गणित असलेली कॉमर्सची मुलंही येतात, सीएसला सायन्स लागतं. आयटीचा कल वापराकडे: वेब, डेटाबेस, नेटवर्किंग, प्रोजेक्ट मॅनेजमेंट. सीएसमध्ये गणित आणि अल्गोरिदम थोडे जास्त. नोकरीच्या फॉर्मवर दोन्ही एकाच खणात जातात, पण मुलीला गणित आवडत असेल तर सीएस बघा.

आमच्याकडे कमी काय पडतं तेही सांगतो. डेटा स्ट्रक्चर्स एका सेमिस्टरमध्ये उरकतो. ऑपरेटिंग सिस्टिमचं असंच. मुलाखतीत नेमकं तिथेच कोपऱ्यात धरतात. जी मुलं स्वतः बसून त्याचे प्रश्न सोडवतात ती निघून जातात, जी फक्त जर्नल पूर्ण करतात ती अडकतात.

उलट बाजूने, आमच्या मुलांकडे वेळ असतो. सकाळचं कॉलेज, दुपारी मोकळे. काही जण दुसऱ्या वर्षापासूनच वागळे इस्टेटमधल्या छोट्या कंपन्यांत इंटर्नशिप करतात. बीईच्या मुलाला सबमिशन आणि केटी (राहिलेले विषय) यातून डोकं वर काढायला मिळत नाही. आणि केटीचं नीट लक्षात घ्या. मोठ्या कंपन्या बहुधा दहावी, बारावी, पदवी सगळीकडे ६० टक्के मागतात आणि लाइव्ह केटी चालवून घेत नाहीत. कशीबशी रडतखडत केलेली बीई पहिल्या रांगेत उभीही राहत नाही.

बीसीएबद्दल: २०२४ पासून तो कोर्स एआयसीटीईखाली (तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था) आला आणि राज्याने त्याला वेगळी सीईटी लावली. काही कॉलेजांनी सीईटी चुकवायला कोर्सची नावंच बदलली. त्यामुळे बीसीए घेताना पदवीवर नक्की काय छापून येणार ते कॉलेजकडून लेखी घ्या. नोकरीच्या बाबतीत बीएससी आयटीहून वेगळं काही नाही.

पासबुक

सरकारी बँकेत आयटी अधिकारी आहे. खासगीत रांगा बदलता येतात. सरकारी जाहिरातीत तसं नसतं, तिथे लिहिलंय ते लिहिलंय.

आयबीपीएसच्या (सरकारी बँकांची भरती घेणारी संस्था) स्पेशालिस्ट ऑफिसर भरतीत आयटी अधिकाऱ्याला काय लागतं? कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स अशा शाखांची चार वर्षांची इंजिनियरिंग पदवी. किंवा त्याच विषयांतली पदव्युत्तर पदवी, ज्यात एमसीए बसतं. किंवा कुठल्याही पदवीवर डोएकचं बी लेव्हल (सरकारी कॉम्प्युटर कोर्स). नुसत्या बीएससी आयटीवर या पदाचा अर्जच भरता येत नाही. क्लार्क आणि पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) भरता येतं, पण ते बीएच्या मुलालाही भरता येतं.

हल्ली एक गैरसमज फार ऐकतो. नव्या शैक्षणिक धोरणात बीएससी चार वर्षांची झाली म्हणजे ती इंजिनियरिंगच्या बरोबरीला आली. तसं नाही. चौथं वर्ष केलं की ऑनर्स मिळते, पण जाहिरातीत 'इंजिनियरिंग/टेक्नॉलॉजी पदवी' म्हटलं की ती ऑनर्स चालत नाही. गेटचंही तेच. परीक्षेला बीएससीवालाही बसू शकतो, पण गेटच्या गुणांवर पीएसयू (सरकारी कंपन्या) इंजिनियर घेतात तेव्हा बीई मागतात.

बॉयलरवाल्यालाही आमच्याकडे प्रवेश नाही बरं का. मेकॅनिकलवर आयटी अधिकारी होता येत नाही. एक्स्टीसी चालतं.

खारीगावकर

एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मुलगी शेजारी बसून वाचतेय. तिचं म्हणणं, सगळे एक्स्टीसी आणि बीएससीवर बोलताहेत, एआय-डेटा सायन्सवर कोणीच का बोलत नाही? तिच्या मैत्रिणी सगळ्या तिकडेच चालल्या आहेत.

मास्तर

ताईला सांगा, शाखेच्या नावापेक्षा त्या कॉलेजात कोण शिकवतं ते बघ. पहिलं वर्ष सगळ्या शाखांचं जवळपास सारखंच असतं. पुढे मशीन लर्निंग शिकवायला माणसं लागतात. दोन-चार वर्षांपूर्वी उघडलेल्या कॉलेजात ती कुठून येणार? अनेकदा कॉम्प्युटरवालेच तिथे लेक्चर घेतात. २०२४ मध्ये एआयसीटीईने शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली, तेव्हापासून कॉम्प्युटर आणि त्याच्या भाऊबंद शाखांच्या तुकड्या वाढल्यात. शिकवणारे त्या वेगाने वाढलेले नाहीत.

कॉलेज बघायला जाल तेव्हा लॅबमध्ये जा, आणि शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलाला कँटीनमध्ये गाठून विचारा, प्लेसमेंटला कोण आलं होतं. ऑफिसात जे सांगतात ते ऐकून घ्यायचं, बस.

पासबुक

आणि सरकारीकडे डोळा असेल तर आणखी एक. जाहिरातीत शाखांची नावं मोजून दिलेली असतात. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स' हे नाव सगळीकडे अजून आलेलं नाही. मग समकक्षतेचं पत्र आणा, ते जोडा, कागद तपासणीला वाद घाला. कॉम्प्युटर, आयटी, एक्स्टीसी या नावांना कोणी अडवत नाही.

ऐरोलीकर

खासगीत एआय-डीएसला अडचण नाही, कॉम्प्युटरच्या बरोबरीनेच धरतात. पण तिच्या मैत्रिणींनाही सांगा, फ्रेशरला पहिल्या दिवशी मॉडेल बनवायला कोणी देत नाही. डेटा साफ करायचा, एसक्यूएल लिहायचं, टेस्टिंग करायचं.

आता कटू भाग. एआयमुळे कात्री लागतेय ती याच खालच्या कामांना. स्क्रिप्ट चालवा, तिकीट बंद करा, टेस्ट केस लिहा, म्हणजे निशिगंधाताईंनी जे वर्णन केलं तेच काम. दुसऱ्या रांगेला आजवर प्रवेश मिळायचा तो तिथूनच. शिवाय जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करत असल्याचं जाहीर केलं, त्यात मधल्या आणि वरच्या फळीतले जास्त. म्हणजे वरही सुरक्षित नाही आणि खाली दार अरुंद. म्हणून मी आज तीन वर्षांच्या पदवीवर थेट नोकरीला लागण्याचा बेत करू नका म्हणेन. पाच वर्षांपूर्वी असं म्हटलं नसतं.

सर्व्हररूम

सगळे कोडिंगवरच अडकलेत. रबाळे, महापे, ऐरोली, पनवेल या पट्ट्यात डेटा सेंटर किती उभी राहिली ते कोणी बघतंय का? ठाणे-बेलापूर रोडला लहानपणी केमिकल कंपन्यांचा वास यायचा, आता तिथेच सर्व्हरच्या इमारती. महापेला कंट्रोल-एस, पनवेलला योट्टा, रबाळ्याला सिफी, यादी बरीच लांब आहे.

आमच्याकडे लागतात नेटवर्क, लिनक्स, स्टोरेज, आणि वीज-कूलिंग समजणारी माणसं. इथे रांगेचा प्रकार सौम्य आहे. डिप्लोमावाले, बीएससी आयटीवाले, एक्स्टीसीवाले एकाच शिफ्टला असतात, आणि सीसीएनए (नेटवर्किंगचं) किंवा रेड हॅटचं (लिनक्सचं) सर्टिफिकेट असलेला मुलगा नुसत्या बीईवाल्याच्या पुढे जातो. तोटा म्हणजे शिफ्ट, सणावाराला ड्युटी, आणि सर्व्हर हॉलमध्ये भर मे महिन्यात स्वेटर. डिझाइनच्या आणि वरच्या जागांवर मात्र पुन्हा इंजिनियरच दिसतात, हे खोटं कशाला बोलू.

एक्स्टीसी अजिबात वाईट नाही. नेटवर्किंगचा पाया तिथेच पक्का होतो.

सातासमुद्रापार

वाशीची, सध्या अमेरिकेत. तिकडचं थोडं सांगते. एच-१बीला (इथला नोकरीचा व्हिसा) किमान बॅचलर पदवी लागते ती इकडच्या चार वर्षांच्या हिशेबाने. तीन वर्षांची बीएससी असेल तर जे एक वर्ष कमी पडतं त्यासाठी तीन वर्षांचा कामाचा अनुभव धरतात, आणि तसा इव्हॅल्युएशनचा कागद करून घ्यावा लागतो. एमएसला येतानाही काही विद्यापीठं तीन वर्षांची पदवी घेतात, काही सरळ परत पाठवतात. बीएससीवर एमसीए असेल किंवा नव्या पद्धतीचं चौथं वर्ष केलं असेल तर हा प्रश्न बराच सुटतो. तसंही सप्टेंबर २०२५ पासून बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लावलंय, त्यामुळे निव्वळ 'ऑनसाइट'च्या आशेने डिग्री निवडण्यात आता राम नाही.

घोडबंदरग्रस्त

अवांतर: एक लाख डॉलरमध्ये घोडबंदरला वन बीएचके येतो. आला तर.

निशिगंधा_ठाणे

एक राहिलंच. आयआयटी मद्रासचं डेटा सायन्सचं ऑनलाइन बीएस २०२१ पासून चालू आहे. जेईई लागत नाही, त्यांची स्वतःची पात्रता परीक्षा असते. २०२२ पासून यूजीसीने दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिली आहे, एक कॉलेजात जाऊन आणि एक ऑनलाइन. माझा धाकटा भाऊ बीएससीबरोबर ते करतोय. अभ्यास कडक आहे, बरीच मुलं मध्येच सोडतात. पण मास्तर म्हणाले ते गणिताचं आणि अल्गोरिदमचं भोक तिथे बुजतं. फक्त 'पत्राने बीटेक' असं कोणी विकत असेल तर पळा. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्येच तशा पदव्यांवर गदा आणली आहे.

सेतूबंध

सगळे फीचं बोलताहेत आणि मुख्य गोष्ट कोणी सांगितलीच नाही. मुलगी आहे ना? प्रवर्ग कुठला आणि घरचं उत्पन्न किती? जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एवढीच की प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर एक पैसा मिळणार नाही. बाकीची किरकोळ फी किती ते कॉलेजात विचारा.

म्हणजे 'बीएससी स्वस्त, बीई महाग' हा हिशेब तुमच्या बाबतीत उलटा होऊ शकतो.

खारीगावकर

ओबीसी आहोत, उत्पन्न ८ लाखांच्या बरंच खाली. हे आम्हाला माहीतच नव्हतं! मी फीला घाबरून इंजिनियरिंगला अर्धा नकारच देऊन बसलो होतो.

रात्री घरात चर्चा झाली. बदलापूरच्या पुढचं एआय यादीतून काढलं. येण्याजाण्यातच तिचा दिवस गेला असता, आणि कँटीनची चौकशी भाच्याने केली, ती फार उत्साहवर्धक नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये ट्रान्स-हार्बरवर येणाऱ्या कॉलेजांचं कॉम्प्युटर आणि आयटी वर टाकतोय, लागलं तर देव पावला. त्याखाली एक्स्टीसी. आणि ठाण्यातली बीएससी सीएसची जागा तोवर धरून ठेवायची, कारण त्यांच्या मेरिट लिस्ट कॅपच्या आधी संपतात. मुलगी म्हणते एक्स्टीसी लागलं तर लिनक्स आणि नेटवर्किंग स्वतः करेन, सर्व्हररूम यांना प्रश्न विचारायला व्यनि करणार आहे. चालेल ना?

सर्व्हररूम

खुशाल करू दे. रात्रपाळीला असलो की उत्तर लगेच.

मास्तर

बीएससीची जागा धरताना फीची पावती आणि भरल्याची तारीख जपून ठेवा. प्रवेश रद्द केल्यावर पैसे परत देण्याचे यूजीसीचे नियम आहेत. कॉलेजं टाळाटाळ करतात, पण लेखी अर्ज केला की देतात. आणि मूळ दाखले कोणाकडेही ठेवून देऊ नका. कॅपला तेच लागतील.

सेतूबंध

नॉन-क्रीमी लेयर काढलंय का? ते पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असायला हवं, जुनं असेल तर आत्ताच सेतू केंद्रात अर्ज टाका, या दिवसांत गर्दी मरणाची असते. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर ते आधी, कारण त्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

खारीगावकर

वैधता आहे, मोठ्या मुलाच्या वेळी दोघांचीही काढून ठेवली होती. नॉन-क्रीमी मात्र मार्चलाच संपलंय. उद्या हाफ डे टाकून जातो.